सुटं होण्याची सोय

भिंत पाडताना वीट शाबूत निघणार की तिचे तुकडे होणार, हे विटेवर फारसं नसतं. ते ठरतं दोन विटांमधल्या बोटभर सांध्यावर. चुन्याचा मसाला विटेपेक्षा मऊ असतो. सांध्यात छिन्नी धरून हातोडीचा बेताचा घाव घातला की मसाला भुगा होऊन सुटतो आणि वीट अख्खी हाती येते. बाजूंना चिकटलेला चुना खरवडला की ती पुन्हा कामाला तयार. तीच वीट कडक सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली असेल तर हिशेब उलटा होतो. आता सांधा विटेपेक्षा मजबूत, म्हणून घाव बसला की तुटते ती वीट. अजून कितीतरी वर्षं टिकली असती अशी वस्तू राडारोड्यात जाते आणि कुठल्यातरी भरावाखाली गाडली जाते.

चुन्यातली वीट परत वापरायची तर थोडी पारख लागते. दोन विटा एकमेकींवर आपटून पाहायच्या. खणखणीत आवाज आला तर चांगली, बद्द आला तर आत तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. जुन्या जाड भिंतींच्या पोटात बऱ्याचदा कमी भाजलेल्या विटा घातलेल्या असतात. त्या उन्हापावसात बाहेरच्या अंगाला लावल्या तर काही वर्षांत त्यांचे पापुद्रे सुटू लागतात, म्हणून त्या आतल्या भिंतीलाच वापराव्यात. धुराड्यातल्या विटा घेऊच नयेत. त्यांत क्षार मुरलेले असतात आणि नव्या गिलाव्यावर त्यांचे डाग उमटत राहतात. आणि बांधायला घेण्याआधी विटा भिजवायला हव्यात, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतात आणि नवा सांधा नीट धरत नाही.

वस्तू आणि पदार्थ टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवायचे, या चक्रीय अर्थव्यवस्थेची चर्चा बहुतेक वेळा शेवटाकडून सुरू होते. कचरा किती, डबे किती रंगांचे, गोळा कोण करणार. हे सगळं लागतंच. पण वस्तूचं भवितव्य त्याच्या कितीतरी आधी, ती जोडली जाते तेव्हाच, बरंचसं ठरून गेलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. पदार्थ सहसा संपत नाहीत. तांबं तांबंच राहतं, काच काचच राहते. ते वाया जातात ते एकमेकांत मिसळल्यामुळे, आणि मिसळलेलं वेगळं करायला लागणारी मेहनत, उष्णता आणि रसायनं नव्या मालापेक्षा महाग पडल्यामुळे. म्हणून कुठलीही वस्तू हातात आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की ही सुटी कशी होते?

नट-बोल्ट आणि स्क्रू हे सगळ्यात प्रामाणिक सांधे. जसे बसवले तसे निघतात. अर्थात त्यांनाही जपावं लागतं. अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचा स्क्रू कोरडाच बसवला आणि तिथे ओल पोहोचली, की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो आणि काही वर्षांत स्क्रू असा धरतो की फिरवताना त्याचं डोकंच तुटून हातात येतं. बसवताना आट्यांवर न धरण्यासाठीचं ग्रीस थोडंसं लावलं असतं तर हे टळलं असतं. खिळा लाकडात चटकन जातो, पण निघताना लाकूड फाडून निघतो. रिव्हेट ड्रिलने कापावं लागतं. रिव्हेट जातं, पण पत्रे वाचतात. प्लास्टिकच्या खोक्यांना असलेले खटके दोन-चारदा उघडायला ठीक असतात, पण जुनं प्लास्टिक ठिसूळ झालं की पहिल्याच वेळी मोडतात, आणि खटका नेमका कुठे आहे याची खूण बाहेर नसली तर उघडणाऱ्याला अंदाजाने पाती खुपसावी लागतात. वेल्डिंगबद्दल मात्र एक गैरसमज आहे. पोलादाला पोलाद वेल्ड केलेलं असेल तर ते भट्टीत जाताना काहीच अडत नाही, सगळं एकच लोखंड. तिथे अडतं ते फक्त भाग जसाच्या तसा पुन्हा वापरायचा असेल तर. खरी पंचाईत दोन वेगळ्या पदार्थांना कायमचं एकत्र आणणाऱ्या सांध्यांची, आणि त्यांत पहिला नंबर गोंदाचा.

हे जवळून पाहायचं तर पाण्याची साधी, पेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या. बाटली पेटची, झाकण बहुधा एचडीपीई किंवा पीपी या दुसऱ्या प्लास्टिकांचं, लेबल पीपीचं किंवा कागदाचं, आणि लेबलामागे गोंद. तीन-चार पदार्थ झाले. तरीही ही बाटली पुनर्वापराच्या दृष्टीने गुणी मानली जाते, कारण तिचे पदार्थ वेगळे करायला पाणी पुरतं. बाटल्या दळून त्यांचे साधारण ८ ते १२ मिलिमीटरचे तुकडे केले जातात. ते पाण्याच्या टाकीत सोडले की पेट बुडतं, कारण पाण्याची घनता १ धरली तर त्याची १.३८ च्या आसपास असते, एचडीपीई ०.९५ आणि पीपी ०.९० च्या आसपास, म्हणून झाकणाचे तुकडे वर तरंगतात. वरचे वर काढून घ्यायचे, खालचे खालून. म्हणूनच बाटली टाकताना झाकण लावून टाकलेलं चांगलं. सुटं झाकण इतकं लहान असतं की वर्गीकरणाच्या चाळण्यांतून गळून पडतं आणि उरलेल्या कचऱ्याबरोबर जातं. बाटलीवर असलं की ते टाकीपर्यंत पोहोचतं.

पुढची पायरी गरम धुण्याची. ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक-दोन टक्के कॉस्टिक सोडा आणि साबण. इथे गोंद सुटला पाहिजे. तो सुटला नाही, तर तुकड्यावर राहतो आणि पुढे वितळताना पिवळा-तपकिरी पडतो. लेबलाची शाई धुपून पाण्यात उतरली तर सगळ्या टाकीतल्या पांढऱ्या स्वच्छ तुकड्यांवर तिची झाक चढते. मग वाळवण. पेट वितळवण्याआधी त्यातला ओलावा दहा लाखांत ५० भागांच्या खाली आणावा लागतो. त्यासाठी १६० ते १७० अंशांच्या कोरड्या हवेत चार ते सहा तास. इथे घाई केली तर काय होतं? पेट २६० ते २८० अंशांना वितळत असताना राहिलेलं पाणी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं. माल दिसायला ठीक असतो, पण बाटली फुगवायला लागणारं बळ त्यात उरत नाही. तो धाग्याकडे वळवावा लागतो. साखळ्या पुन्हा लांब करायची सोय आहे. तुकडे किंवा दाणे न वितळवता दोनशे अंशांच्या थोडं वर, निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये तासन्‌तास ठेवावे लागतात. जमतं, पण त्याला ऊर्जा लागते.

आता यात पीव्हीसी या आणखी एका प्लास्टिकचा तुकडा आला समजा. पीव्हीसीची घनता १.३ ते १.४५, म्हणजे तोही पेटबरोबरच बुडतो. पाणी त्याला वेगळं करू शकत नाही. तो पेटच्या वितळण्याच्या तापमानाला जळतो, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तो पेटच्या साखळ्या तर तोडतोच, शिवाय यंत्रालाही गंज लावतो. म्हणून एका टनात पन्नासेक ग्रॅम पीव्हीसीसुद्धा खरेदीदाराला खटकतं. दुसरा घोटाळा बाटलीला वरपासून खालपर्यंत गुंडाळलेल्या छापील वेष्टनाचा. वर्गीकरणाची यंत्रं अवरक्त किरणांनी प्लास्टिक ओळखतात. किरण वेष्टनावरून परततात, बाटलीवरून नाही, त्यामुळे यंत्र बाटलीला वेष्टनाच्याच नावाने हाक मारतं. काळ्या प्लास्टिकची गत आणखी वाईट. काजळीचा काळा रंग ते किरण गिळून टाकतो, आणि यंत्राच्या लेखी ती वस्तू पट्ट्यावर नसतेच.

बाटली बनवणाऱ्याने निवडलेला एक गोंद, एक शाई, एक वेष्टन. धुण्याच्या कारखान्यातला माणूस कितीही हुशार असला तरी या तीन निवडी तो मागे जाऊन बदलू शकत नाही.

गोंदाला मी शत्रू ठरवून मोकळा होत नाही, कारण त्याची दुसरी बाजूही खरी आहे. चकचकीत पाकिटं पाहा. बाहेर साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेट, मध्ये सात ते नऊ मायक्रॉन अॅल्युमिनियमचा वर्ख, आत ५० ते १०० मायक्रॉन पॉलिइथिलीन, आणि थरांमध्ये गोंद. असं पाकीट वेगळं करणं जवळजवळ अशक्य. पण तेवढाच माल काचेच्या बरणीत भरायचा तर वजन कितीतरी पटींनी वाढतं, आणि आतला माल हवेने-ओलाव्याने खराब झाला तर झालेलं नुकसान पाकिटापेक्षा मोठं असतं. म्हणून इथे योग्य दिशा म्हणजे पाकीट रद्द करणं नसून थर एकाच कुळातले ठेवणं. सगळे थर पॉलिइथिलीनचे, आणि हवा अडवायला मध्ये ईव्हीओएच या प्लास्टिकचा अगदी पातळ थर, वजनाच्या पाचेक टक्क्यांपेक्षा कमी. असं पाकीट पॉलिइथिलीनच्या प्रवाहात खपून जातं. वर्ख जितका अडवतो तितकं ते अडवत नाही, हे मान्य करूनच ते निवडायचं असतं. ज्या मालाला वर्षभर टिकायचं नाही, त्याला वर्खाची गरज होती का, हा प्रश्न विचारणं एवढंच पुष्कळदा पुरतं.

धातूंबद्दल सगळ्यांना खात्री असते की ते कितीही वेळा वितळवता येतात. अॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याच्या तुलनेत जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, हेही खरं. पण पोलादाच्या भंगारात एक अडचण आहे आणि ती फार कमी बोलली जाते. ती म्हणजे तांबं. जुनी गाडी दाबून, फाडून तिचे मुठीएवढे तुकडे केले जातात आणि लोहचुंबक त्यातून लोखंड उचलतं. गाडीत वायरिंग असतं, काचा वर-खाली करायच्या मोटारी असतात, वायपरच्या, पंख्याच्या. साध्या गाडीत सगळं मिळून वीसेक किलो तांबं असतं. मोटारीतली तांब्याची गुंडाळी लोखंडी गाभ्यावर घट्ट बसलेली असते. यंत्राने फाडलं तरी गोळा एकत्रच राहतो, चुंबक त्याला लोखंड समजून उचलतं, आणि तांबं पोलादाच्या भट्टीत जातं.

भट्टीत गेलं की संपलं. पोलाद शुद्ध करायची रीत म्हणजे ऑक्सिजन फुंकून नको ते जाळून मळीत काढणं. सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस असे निघतात. तांबं निघत नाही, कारण ते लोखंडापेक्षा ऑक्सिजनला कमी बधतं. तांबं जाळायला जावं तर आधी लोखंडच जळतं. मग हे पोलाद अकराशे-बाराशे अंशांना तापवून लाटायला घेतलं की पृष्ठभागावरचं लोखंड जळून पपडी होतं आणि न जळलेलं तांबं पपडीखाली साचत जातं. तांबं १०८५ अंशांना वितळतं. ते द्रवरूप तांबं पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि पत्र्यावर बारीक भेगा पडतात. बांधकामाच्या सळईला साधारण ०.४ टक्के तांबं चालून जातं. दाबून खोल आकार द्यायच्या पत्र्याला ते ०.०६ टक्क्यांच्या आसपास ठेवावं लागतं. टनाच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात चार किलो, दुसऱ्यात ६०० ग्रॅम. गाडीचा पत्रा गाडीच्या पत्र्यात परत जात नाही, सळईत जातो, तो यामुळे. आज जगात सळईची भूक एवढी आहे की हे सगळं पोलाद तिथे जिरतं. भंगाराचं प्रमाण वाढत जाईल तशी ही जिरवणूक पुरणार नाही.

यावर रसायनशास्त्रातले उपाय शोधले जात आहेत. पण सगळ्यात खात्रीचा उपाय जुना आणि साधा आहे. फाडण्याआधी वायरिंगचा जुडगा ओढून काढायचा आणि मोटारी सोडवायच्या. वायरिंग पत्र्यामागे कोंबून न टाकता एका बाजूने ओढलं की निघेल असं बसवलेलं असेल, मोटार दोन बोल्टवर असेल आणि बोल्टपर्यंत पाना पोहोचत असेल, तर हे काम मिनिटांत होतं. नसेल तर मजुरी तांब्याच्या किमतीला खाऊन टाकते, आणि मग कोणीच ते करत नाही. भंगारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हिशेब बरोबर असतो.

वितळवण्याच्या आधीही एक मुक्काम आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो: दुरुस्ती. स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल यांनी जिनिव्हिएव्ह रेडे यांच्यासोबत १९७६ मध्ये युरोपीय आयोगासाठी केलेल्या अहवालात हा मुद्दा मांडला होता की वस्तूचं आयुष्य वाढवलं तर ऊर्जा वाचते आणि माणसांना काम मिळतं. खाणीतून धातू काढण्यात ऊर्जा जास्त लागते आणि हात कमी. दुरुस्तीत हात जास्त लागतात आणि ऊर्जा कमी. चक्र जितकं लहान, तितकं कमी वाया.

ड्रिल मशीन किंवा व्हॅक्यूम क्लीनरची मोटार घ्या. ती बंद पडण्याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे लहान ठोकळे, झिजलेले असणं. लक्षणं ओळखू येतात. यंत्र मध्येच थांबतं, एक टपली मारली की चालू होतं, मागच्या झरोक्यांतून मोठी ठिणगी दिसते, जळकट वास येतो. प्लग काढायचा, कार्बनच्या टोप्या उघडायच्या, दोन्ही कार्बन काढून पाहायचे. पाच-सहा मिलिमीटरच उरले असतील तर बदलायचे, आणि दोन्ही एकदमच बदलायचे, एक नवा एक जुना नको. नवा कार्बन नळीत हाताने सरकला पाहिजे. सैल असेल तर थरथरतो आणि ठिणग्या वाढतात. घट्ट असेल तर झिजल्यावर स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही आणि मोटार पुन्हा थांबते. घट्ट असेल तर बाजू सपाट ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासायची, टोक नाही. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा पडला असेल तर बारीक काच-पेपरने फिरवून पुसून घ्यायचा. एमरीचा घासकागद वापरायचा नाही, त्याचे कण तांब्यात रुततात आणि पट्ट्यांमधल्या खाचांत अडकले तर वीज पट्टीवरून पट्टीवर उडी मारते. त्या खाचा टोकदार काडीने साफ करायच्या. मग दहा-पंधरा मिनिटं भार न देता यंत्र चालवायचं, म्हणजे कार्बनचं टोक कॉम्युटेटरच्या गोलाईला बसतं. हे न करता लगेच जोर दिला तर नवा कार्बन कडेवरच चालतो आणि ठिणग्यांनी तांबं पोळतं. सुरुवातीला थोडी ठिणगी राहतेच, ती पाहून घाबरायचं कारण नाही.

कार्बन बदलूनही घरघर राहिली तर बेअरिंग पाहायचं. लहान यंत्रांत बऱ्याचदा ६०८ नंबरचं असतं: आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिलिमीटर. हा नंबर जगभर एकच, कुठल्याही कंपनीचं बेअरिंग चालतं. कार्बनचं तसं नाही. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, खाच वेगळी, तारेचं टोक वेगळं. त्यात काही तांत्रिक गरज असते, पण सगळं वेगळेपण गरजेचं असतं असं मला पटत नाही. प्रमाणित माप ही चक्रीय अर्थव्यवस्थेतली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी कौतुक झालेली गोष्ट आहे.

आणि पुन्हा तोच सांध्याचा मुद्दा. ज्या यंत्राला कार्बनच्या टोप्या बाहेरून दिलेल्या असतात तिथे हे काम पाच मिनिटांचं. ज्याची दोन कवचं कंपनांनी वितळवून एकमेकांत चिकटवलेली असतात, तिथे कवच फोडल्याशिवाय आत जाताच येत नाही. आत मोटार तीच, कार्बन तोच, झीज तीच. एक यंत्र वर्षानुवर्षं चालतं, दुसरं पहिल्याच कार्बनला भंगारात जातं.

कपड्यांत सांधा म्हणजे शिवण. सुती आणि पॉलिस्टरचा मिश्र धागा तर सूत कातताना एकजीव झालेला असतो, तो यंत्राने वेगळा होत नाही. त्यात दोन-चार टक्के ताणाचा इलास्टेन असला की कापड पिंजताना तो गोळ्या करतो. चेन, बटणं, हुक कापून काढायला माणूस लागतो, आणि कापताना आजूबाजूचं बरंच कापडही जातं. ठरलेल्या तापमानाला वितळणारा शिवणीचा दोरा हा मला यातला सुंदर विचार वाटतो: कपडा भट्टीत ठेवला की दोरा जातो, चेन आणि बटणं आपोआप गळतात. पण इस्त्री आणि ड्रायर त्या तापमानाच्या खालीच राहिले पाहिजेत, एवढी अट त्याच्यासोबत येते.

काचेची बाटली वितळवण्यापेक्षा धुऊन पुन्हा भरणं चांगलं, हे पटायला सोपं आहे. त्याचं गणित मात्र परतीच्या प्रमाणावर उभं असतं. १०० पैकी ८० बाटल्या परत येत असतील तर एक बाटली सरासरी ५ वेळा भरली जाते. ९० परत आल्या तर १० वेळा. ९५ आल्या तर २० वेळा. शेवटच्या पाच टक्क्यांनी आयुष्य दुप्पट होतं, म्हणून अनामत रक्कम आणि परतीची जवळची सोय यांवर खर्च करणं धुण्याच्या यंत्रावर खर्च करण्याइतकंच महत्त्वाचं. परतीची बाटली जाड, म्हणजे जड असते. ती दोन-तीनदाच फिरली तर हलक्या बाटलीपेक्षा नुकसानीतच जाते, आणि शेकडो किलोमीटर रिकामी वाहून आणली तरी तेच. धुताना ६० ते ८० अंशांच्या कॉस्टिकच्या पाण्यात कागदी लेबल अख्खं सुटून यावं लागतं, लगदा होऊन नाही, कारण लगद्याने फवाऱ्यांची तोंडं बुजतात. म्हणजे कागद ओलाव्याला तगणारा हवा आणि गोंद कॉस्टिकला शरण जाणारा. सांधा कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे इथे रसायनाने ठरवून दिलेलं असतं.

वितळवायची झाली तर काच कितीही वेळा वितळते. भट्टीत जुनी काच १० टक्के वाढली की ऊर्जा साधारण अडीच-तीन टक्के कमी लागते. मात्र चिनी मातीचा तुकडा किंवा ओव्हनमध्ये टिकणाऱ्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच त्यात आली तर ती त्या तापमानाला वितळत नाही. तिचा खडा नव्या बाटलीच्या भिंतीत अडकतो आणि तिथून बाटली तडकते. फुटलेला कप काचेच्या डब्यात टाकू नये, तो यासाठी.

पूर्ण चक्र म्हणून जे चित्र काढलं जातं, त्याबद्दल एक गोष्ट मोजून सांगायला हवी. समजा १०० किलो प्लास्टिकपैकी ८० किलो गोळा झालं. वर्गीकरणात त्यातलं ८५ टक्के टिकलं: ६८ किलो. धुऊन-वितळवून पुन्हा ८५ टक्के हाती आलं: जवळपास ५८ किलो. प्रत्येक टप्पा ऐकायला चांगला, पण फेरी संपली तेव्हा निम्म्याच्या थोडं वर उरलं. तीन फेऱ्यांनंतर १९ किलो. टप्पे एकमेकांना गुणले जातात. म्हणून एकाच टप्प्यावर प्रचंड खर्च करून तो ८५ वरून ९५ वर नेण्यापेक्षा वस्तू तीच तीनपट काळ वापरणं बहुधा जास्त वाचवतं.

दुसरं गणित काळाचं. तांबं इमारतीच्या भिंतीत गेलं की समजा ४० वर्षांनी बाहेर येतं. मागणी दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत असेल तर ४० वर्षांत ती सव्वातीन पट होते. जुनं सगळंच्या सगळं, एक ग्रॅमही न गमावता परत मिळालं, तरी ते त्या वर्षीच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी भरतं. मागणी वाढत राहील तोवर खाणी बंद होणार नाहीत. हे निराश व्हायला सांगत नाही. चक्राकडून काय मागायचं आणि काय नाही, एवढं स्पष्ट करतं.

कारखान्यांनी एकमेकांचा टाकाऊ माल घ्यायचा या कल्पनेचं गाजलेलं उदाहरण म्हणजे डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग. तिथे १९७२ मध्ये जिप्समच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्याने शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू घ्यायला सुरुवात केली. पुढे वीज केंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना जाऊ लागली, आणि धुरातलं गंधक चुन्याने धुताना तयार होणारं जिप्सम पाट्यांच्या कारखान्याला. कोणी वरून आराखडा काढून दिला नव्हता. शेजारी एकमेकांशी बोलले आणि एकेक नळ जोडत गेले. पण हे जिप्सम कोळशातल्या गंधकामुळे तयार होत होतं. वीज केंद्र कोळसा सोडून लाकडाच्या चिप्सकडे वळलं की तो ओघ आटतो. हवेसाठी उत्तमच झालं. कच्च्या मालासाठी दुसऱ्याच्या टाकाऊवर विसंबलेल्याला मात्र दुसरी वाट शोधावी लागते. कोळशाची राख मिसळून होणाऱ्या सिमेंटचंही पुढे तेच होणार आहे. त्यामुळे कारखान्यांमधला सांधाही सुटा करता येईल असाच असावा. करार मर्यादित मुदतीचे, आणि कच्च्या मालाचा दुसरा पुरवठादार आधीपासून चाचणी करून ठेवलेला.

नियमांकडे मी बराच काळ संशयाने पाहत होतो, कारण कचऱ्यातला किती माल परत मिळवायचा, हे ते वजनाच्या टक्क्यांत बोलत. वजनाच्या टक्क्यांत बोललं की जड माल आधी वसूल होतो आणि बारीक, मौल्यवान धातू राखेत जातात. आता भाषा बदलते आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. त्यात माहितीपुस्तिका मिळते का, वस्तू किती पायऱ्यांत सुटते, सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, हे सगळं मोजलं जातं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमाने तर थेट सांध्यालाच हात घातला. फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी: बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी, गरम न करता, द्रावक न वापरता. खास हत्यार लागत असेल तर ते वस्तूसोबत फुकट द्यायचं. त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षं बॅटरी सुटी मिळायला हवी. पाण्यात वापरायच्या आणि धुवायच्या काही उपकरणांना सवलत आहे, त्यांची बॅटरी जाणकार कारागिराने काढली तरी चालते.

याच नियमात आणखी एक छोटं कलम आहे: सुसंगत असलेली दुसरी बॅटरी बसवण्यात सॉफ्टवेअरने आडकाठी आणायची नाही. मला ते सगळ्यांत दूरदर्शी वाटतं. समजा एखाद्या उपकरणात स्क्रू दोनच, गोंद नाही, वेल्ड नाही. पण भागाचा क्रमांक मूळ मदरबोर्डला बांधलेला, आणि बदलला तर पडद्यावर इशारा किंवा निम्मी सुविधा बंद. असा सांधा पान्याने सुटत नाही आणि वस्तू उघडून पाहिली तरी दिसत नाही. कलम फक्त बॅटरीपुरतं आहे. पडदा, कॅमेरा, मोटारीचा नियंत्रक, छपाईयंत्राचं शाईचं नळकांडं यांच्यासाठीही तेवढंच नेमकं लिहिलं जायला हवं, आणि दुरुस्तीचे गुण देताना स्क्रू मोजतात तसं हेही मोजलं जायला हवं: भाग एका यंत्रातून काढून त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्रात बसवला, तर दोन्ही यंत्रं पूर्ण चालतात का.